मुदतीचा अर्ज

मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, नागपूर
यांचे न्यायालयात —
इथपर्यंत बरोबर लिहिलं.
पुढे 'कारण' म्हणून जी रेघ आहे
ती माझ्या बोटाएवढी.

दावा माझाच आहे.
एकेचाळीस कूलर, पत्रा बावीस गेजचा,
वाळा नवा, मोटरींचं वाइंडिंग माझ्या हातचं,
हेडाऊ बिछायत केंद्र, पाचपावली, यांना उधार.
दोन लाख सत्याऐंशी हजार.
त्या वर्षी मंडप पडले नाहीत, मी मागितले नाहीत.
पुढच्या वर्षी पडले,
तर तुळशीदास हेडाऊ फोन उचलेना.

तीन तारखांना पुकारा झाला.
पट्टेवाल्यानं दारातून मान काढून
जिन्यात, वडाच्या पाराकडे, चहावाल्याच्या छपरीकडे
त्याचं नाव फेकलं.
कोणी झेललं नाही.
रोजनाम्यात आलं: प्रतिवादी गैरहजर,
दावा एकतर्फी चालवावा.
कुथे वकीलबाईंनी फाइल मिटली,
"आता फक्त तुमचं शपथपत्र, काका.
समोर कोणीच नाही. निकाल खिशात."

समोर कोणीच नाही.
ते वाक्य घेऊन मी घरी आलो.
तर्रीपोह्याचा घास तसाच राहिला.

रविवारी दुपारी, पारा चव्वेचाळीसवर,
मी पाचपावलीला गेलो. कशाला, ते विचारू नका.
दाराला कुलूप.
दारावर बेलीफनं डकवलेलं समन्स,
उन्हानं पापडासारखं वळलेलं,
माझं नाव वर, त्याचं नाव खाली,
मधला 'विरुद्ध' तेवढा पुसट.
आणि मागच्या खिडकीत
माझा कूलर.

चालू होता.
कोरडा चालू होता. मला कळतं ते.
पाणी संपलं की पंप कण्हतो,
वाळा भुशासारखा वास सोडतो,
हवा येते ती भट्टीची.
आत कोणीतरी खोकलं.
पुन्हा खोकलं. म्हातारं, किंवा म्हातारं झालेलं.

नळाला नळी लागलेलीच होती.
मी टाकी भरली.
पाऊण फुटावर थांबलो, बॉल-कॉक त्या मॉडेलला अडकतो.
पंपानं घोट घेतला, जाळीवर पाणी उतरलं,
आतला खोकला जरा वेळ थांबला.
कोणी "कोण आहे" विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

आता हे त्या रेघेत कसं बसवू?

मला पैसे सोडायचे नाहीत.
माझ्याकडचे तीन कारागीर त्या वर्षी गेले,
एक उमरेडला, एक परत बालाघाटला,
एकाचा पत्ताच नाही.
ते हेडाऊनं ऐकायला पाहिजे.
कठड्याला हात टेकून त्यानं म्हणावं, देणं आहे.
किंवा म्हणावं, नाही, तुझे कूलर गळके होते.
खोटं बोलावं, पण यावं.
रिकाम्या खुर्चीकडून वसूल केलेला पैसा
मोजताना बोटांना चिकटत नाही.

कारकून हसला,
"काऊन जी काका, जिंकलेलं सोडता काय?"
म्हटलं, सोडत नाही रे बाप्पा,
थोडं मागं सरकवतो.

बाईंनी शेवटी त्यांच्या अक्षरात लिहिलं:
वादीची प्रकृती ठीक नसल्यामुळे
एकतर्फी पुराव्याचं शपथपत्र दाखल करणेस
मुदत मिळावी, ही विनंती.
मी सही केली.
प्रकृतीचं खरंच होतं म्हणायचं.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं,
पहिल्यांदा फाइल सोडून माझ्याकडे.
मंजूर. शेवटची संधी.
दोनशे रुपये खर्च विधी सेवेत भरावेत.
उन्हाळी सुट्टीनंतर, एकोणीस जून.

पावती घडी करून खिशात घातली.
बाहेर सिव्हिल लाइन्सचा डांबर बुटाला धरत होता.
एकोणीस जूनपर्यंत
अकरा रविवार येतात.
ती टाकी दीड दिवस पुरते.